आगंतुकांचा बंदोबस्त

कुरडया घालाव्यात तर माबेलात. मे महिन्यात इथला पारा चाळिशीच्या आसपास मुक्काम ठोकून असतो. सकाळी गच्चीवर घातलेली कुरडई दुपारी तळायला घेता येते. पुण्यात ढगांकडे पाहत कुरडयांची ताटे आत-बाहेर करणाऱ्या सासूबाईंना हे कळले, तेव्हा जावयाने आखातात जाऊन काहीतरी कमावले यावर त्यांचा प्रथमच विश्वास बसला. त्यांनी तिकडून सोऱ्या पाठवला, गव्हाचा चीक कसा काढायचा याचे व्हिडिओ पाठवले आणि आमच्या गच्चीवर उत्पादन सुरू झाले.

अडचण एकच होती. गच्चीचा ताबा आमच्याकडे नव्हता.

माबेला मस्कतच्या पश्चिम टोकाला, सीब विलायतीत येते. एका बाजूला गॅरेजांची आणि वर्कशॉपांची सनैया, दुसऱ्या बाजूला बंगले आणि दोन-तीन मजली इमारती. आमची इमारत तिमजली, गच्ची सामायिक. तिच्यावर पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, एसीची बाहेरची धुडे आणि या सगळ्यांवर कावळे. अस्सल आपले कावळे. राखाडी मानेचे, मान तिरकी करून माणसाची पत जोखणारे. त्यांच्या जोडीला साळुंक्या. खिडकीतला जुना एसी काढून स्प्लिट बसवला, तेव्हा भिंतीला राहिलेले भोक मालकाने थर्माकोलने बुजवले होते. त्या थर्माकोलमध्ये एका साळुंकी दांपत्याने संसार थाटला. भाडे नाही, वीजबिल नाही, वर पहाटे साडेचारला आमच्या उशाशी घरगुती भांडणे. भांडणाचा विषय कळत नसे, पण बायकोच्या मते चूक साळुंक्याचीच असणार.

कावळ्याची चोरी शास्त्रशुद्ध असते. ओल्या कुरडईला तो चोच लावत नाही, पूर्ण वाळलेलीही उचलत नाही. बाहेरून कडक आणि आतून जराशी मऊ, या टप्प्याची तो टाकीवर बसून वाट पाहतो. हा टप्पा बायकोला घड्याळ लावून कळत नसे. कावळ्याला सावलीवरून कळे. शेवटी तीच कावळा खाली उतरला की धावत जाऊन कुरडया उलटायला लागली. उरलेल्या ठिकाणी साळुंक्या येत आणि कुरडईचा एकेक वेढा सोडवून नेत.

“काहीतरी करा,” बायको म्हणाली.

मराठी नवरा या सूचनेवर जे करतो तेच मी केले. वाचन सुरू केले.

वाचनातून कळले ते असे, की ओमानच्या पर्यावरण प्राधिकरणाने २०२३ च्या सप्टेंबरात या दोन्ही पक्ष्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती. सलाला, ताका, मिरबात या दोफारच्या पट्ट्यात पिंजरे लावले, हवेच्या बंदुका चालवल्या. कावळा आणि साळुंकी हे ओमानमधले अधिकृत आगंतुक आहेत. ते स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्ले खातात, घरट्यांच्या जागा बळकावतात, पिकांची नासधूस करतात. इथवर ठीक होते. पुढचे वाचताना मात्र मला हळूहळू घाम फुटू लागला. मूळ वास्तव्य भारतीय उपखंड. कावळे बहुतेक जहाजांतून आले. माणसांच्या वस्तीवाचून राहूच शकत नाहीत. घोळक्याने वावरतात, फार बोलतात, मोक्याची जागा आधी धरतात आणि एकदा बस्तान बसले की हटत नाहीत.

मी सहज खिशातला बताका, म्हणजे इथले रहिवासी ओळखपत्र, चाचपून पाहिला. मुदत शिल्लक होती.

बायकोला हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, “हा आपल्या मंडळाच्या गणपतीचा वृत्तांत वाटतोय.”

वाचायला लागल्यावर मला राहवेना. या कावळ्याने आपल्या कितीतरी आधी जग पाहिले आहे. १८९० च्या दशकात तो झांजिबारला पोचला, तेही बोलावण्यावरून. झांजिबारचे सुलतान मूळचे ओमानच्याच घराण्यातले. कारभार मात्र तोवर इंग्रजांच्या हातात गेला होता. इंग्रजांना वाटले, हा पक्षी बेटावरचा कचरा साफ करील. कचरा तिथेच राहिला, कावळा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. २०२४ मध्ये केनियाने वर्षअखेरपर्यंत दहा लाख कावळे मारण्याचा बेत जाहीर केला. हॉलंडमध्ये तर १९९४ साली हुक-फान-हॉलंड या बंदरात दोनच कावळे उतरले. दोघे दिसले, म्हणून लोकांनी कौतुक केले. तिघे-चौघे झाले तेव्हाही केले. काही डझन झाल्यावर सरकारने बंदुकीचा हुकूम काढला, पक्षिप्रेमी न्यायालयात गेले आणि कावळ्यांच्या बाजूने वकील उभे राहिले. आमच्या राजापूर तालुक्यातल्या जमिनीचा दावा आजोबांच्या काळापासून चालू आहे. त्या दाव्यात आमच्या बाजूने इतक्या तळमळीने कोणी बोललेले मला आठवत नाही.

साळुंकीची कारकीर्द आणखी मोठी. मॉरिशसला टोळ खायला नेली, मेलबर्नला १८६० च्या दशकात भाजीच्या मळ्यांतले किडे खायला नेली, हवाईला अळ्या खायला नेली. सगळीकडे तिने किडे चवीपुरते खाल्ले आणि बाकी फळबाग संपवली. २००० साली जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींची यादी निघाली, त्यात साळुंकीचा सन्मानाने समावेश झाला. भारतातून परदेशी जाऊन जागतिक शंभरात येणे सोपे नाही, हे आमच्या कंपनीतला कोणीही सांगेल.

एवढी तयारी झाल्यावर मी इमारतीची बैठक बोलावली.

इमारतीत सहा कुटुंबे. तळमजल्यावर मलयाळी चेट्टा, ते १९९३ मध्ये आले. समोर गॅरेजवाले लाहोरचे उस्ताद, १९९८. वरच्या मजल्यावर गणित शिकवणारे इजिप्तचे मास्तर, २००६. आम्ही त्यांच्या खूप नंतरचे. आखातात वयाला मान नाही, आगमनाच्या सालाला आहे. आधी आलेला माणूस नंतर आलेल्याकडे अशा नजरेने पाहतो, जणू इथला डोंगर त्याने स्वतः आणून ठेवला आहे.

“आम्ही आलो तेव्हा इथे काहीही नव्हते,” चेट्टांनी नेहमीची प्रस्तावना केली. “नुसती वाळू. कावळेसुद्धा तुम्ही लोक आल्यावर वाढले.”

“तुम्ही लोक म्हणजे?” उस्तादांनी विचारले.

“१९९५ नंतरचे.”

उस्ताद माझ्याकडे वळले. “तुमच्या मोबाईलवर काय लिहिलंय? इंडियन मैना. म्हणजे ही तुमची जबाबदारी.”

“आणि कावळा?”

त्यांनी क्षणभर विचार केला. “कावळा सत्तेचाळीसच्या आधीचा. तो दोघांचा.”

मास्तरांनी सहा कुरडया, चार कावळे आणि ऊन यांचे समीकरण मांडून कुरडया घालूच नयेत असा निष्कर्ष काढला. मालक शेवटी आले. आमचा अरबाब फार सज्जन माणूस. त्याने खजूर वाटले, सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाला, “माफी मुश्किल, काही अडचण नाही. सरकार बघतंय. सलालात सुरू झालंय ना?”

सलाला इथून हजार किलोमीटर.

म्हणून मी स्वबळावर मोहीम सुरू केली. सुरुवातीला जुन्या सीडी टांगल्या. त्यांत माझ्या लग्नाची सीडीही होती हे बायकोच्या लक्षात येईपर्यंत साळुंक्यांनी तिचा आरशासारखा वापर सुरू केला होता. रोज सकाळी दोघे येऊन तिच्यात स्वतःला न्याहाळत. आमच्या लग्नाकडे इतक्या आवडीने पाहणारे तेच दोघे.

मग मी सनैयातल्या एका दुकानातून प्लास्टिकचे घुबड आणले. मोठ्या डोळ्यांचे, वाऱ्यावर मान फिरवणारे. दुकानदाराने छातीवर हात ठेवून खात्री दिली. घुबड टाकीवर बसवले आणि मी दाराआड लपलो. कावळे गोळा झाले. काव काव करून सभा भरली. मग त्यांच्यातला एक ज्येष्ठ कावळा, बहुधा १९९३ च्या तुकडीतला, उडत आला आणि घुबडाच्या डोक्यावर बसला. वारा आला तशी घुबडाची मान फिरू लागली आणि डोक्यावरचा कावळा चहूकडची पाहणी करू लागला. त्याला आता कुरडई कुठे वाळते आहे हे गोल फिरून दिसत होते. दुसऱ्या दिवसापासून घुबडावर बसण्यासाठी त्यांच्यात पाळ्या लागल्या.

पुढे ससाण्याचा आवाज. मोबाईलवर ससाण्याची किंकाळी उतरवून घेतली आणि गच्चीवरच्या स्पीकरला जोडली. कावळे ढिम्म. अरबाबाचा भाऊ मात्र खालून पळत वर आला. त्याच्याकडे खरा ससाणा आहे, आणि तो सुटला असे त्याला वाटले. त्याला समजावत होतो, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि आमच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, गच्चीभर ससाण्याच्या पट्टीत विचारले, “पाइपांचा हिशेब कुठे आहे?” तेव्हा मात्र सगळे कावळे उडाले. मुदीरचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा, असे बायकोने सुचवले. नोकरीचा विचार करून मी तो बेत सोडला.

शेवटचा उपाय पिंजऱ्याचा. ऑस्ट्रेलियात साळुंक्यांना पकडायला सामान्य माणसे परसात सापळे लावतात. एका दालनातून आत जायचे, खायचे, पुढच्या दालनात गेले की परतीची वाट बंद. मी चित्र काढून सनैयातल्या सियालकोटच्या वेल्डरकडे गेलो. त्याने चित्र उलटसुलट पाहिले.

“काय पकडायचंय?”

“साळुंकी.”

“किती?”

“जमतील तितक्या.”

या उत्तराचा त्याने फार उदार अर्थ लावला. पिंजरा घ्यायला मला पिकअप करावी लागली. गच्चीवर तो बसवल्यावर कुरडयांना जागा उरली नाही. पहिल्या दिवशी त्यात अरबाबाची मांजर सापडली. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा धाकटा मुलगा, तोंडात आमची कुरडई. साळुंक्या पिंजऱ्याच्या छपरावर बसून या दोघांनाही बाहेर कसे यायचे ते सांगत होत्या.

याच सुमारास गावाहून काकांचा फोन आला.

काका आमच्या सगळ्या घराण्यात गावात राहणारा एकमेव पुरुष. बाकीचे आम्ही सात-बाऱ्यावर राहतो. मी त्यांना कावळ्यांविरुद्धच्या सरकारी मोहिमेचे सविस्तर वर्णन केले. पलीकडे बराच वेळ शांतता.

“म्हणजे तुमच्याकडे कावळे मारायला सरकार स्वतः माणसं पाठवतं?”

“हो.”

“बंदुका देऊन?”

“हवेच्या. पण बंदुकाच.”

“मग त्यांना विचार, हल्ली मोकळे असतील तर इकडे येतील का. आमच्याकडे डुकरं आहेत.”

रानडुकरांचा विषय निघाला की काकांना थांबवणे अवघड. सुरण लावला, उकरला. रताळी लावली, उकरली. नाचणी लोंबीवर आली की एका रात्रीत कळप येतो, खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. उपाय सगळे झाले. आधी शेताभोवती रंगीत साड्या बांधल्या. डुकरांना काहीच वाटले नाही, पण काकूची लग्नातली हिरवी साडी गेली आणि घरातले वातावरण आठवडाभर बिघडले. मग कोणीतरी सांगितले, माणसांचे केस पसरा, वासाने डुक्कर फिरकत नाही. पुतण्याने राजापुरातल्या सलूनवाल्यांकडून पोती भरून केस आणले. ते बांधावर पसरले आणि वारा सुटला. नंतर कितीतरी दिवस वाडीतल्या प्रत्येक घरात आमटीत केस निघत होते आणि प्रत्येक घरात सुनेवर आळ येत होता.

“मारायला परवानगी आहे ना?” मी वाचलेले ज्ञान पुढे केले. “२०१५ चा शासन निर्णय आहे. वनक्षेत्रपालांकडे अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, चोवीस तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं.”

“ते मला शिकवू नकोस. अर्ज दिला, पोच घेतली, चोवीस तास झाले. आता परवानगी आहे. बंदूक कुठाय?”

वाडीत शेतसंरक्षणाच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक आहे. तिचे मालक एक निवृत्त पोस्टमास्तर. पण निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोकसभेला बंदूक जमा होती, तेवढ्यात डुकरांनी सुरण संपवला. काकांचे ठाम मत आहे, की आचारसंहिता कधी लागते हे डुकरांना तहसीलदारांच्या आधी कळते. “आता विधानसभा दिवाळीच्या आसपास येईल,” ते म्हणाले, “म्हणजे भातकापणीला पुन्हा बंदूक जमा. यांना मतदान नाही, तरी सगळ्या निवडणुका यांच्याच सोयीने.”

मधल्या काळात बंदूक सुटून आली तेव्हा शिकार ठरली. गणपतीला आलेले मुंबईकर उत्साहाने सामील झाले. रात्री पोस्टमास्तर माचावर बसले, बाकीच्यांनी पलीकडच्या डगरीवरून हाका घालायचा असे ठरले. पत्र्याचे डबे, थाळ्या, आरोळ्या. हाक्याचा नियम असा, की तीन बाजूंनी गोंगाट करायचा आणि बंदुकीची बाजू शांत ठेवायची. मुंबईकरांनी चारही बाजूंनी गोंगाट केला. त्यातल्या एकाने माचाखाली उभे राहून मोबाईलवर थेट प्रक्षेपण सुरू केले. कळप धावत आला, माचाच्या तोंडाशी आला, पोस्टमास्तरांनी नेम धरला आणि त्याच क्षणी प्रक्षेपण करणाऱ्याच्या मोबाईलचा दिवा त्यांच्या डोळ्यांवर पडला. बार निघाला. डुकरे नाचणीतून सरळ पार झाली. सकाळी पाहिले तर पंचवीस माणसांनी तुडवलेली नाचणी डुकरांनी तुडवलेल्यापेक्षा जास्त भरली.

“नुकसानभरपाई मागा,” मी म्हणालो.

“पंचनाम्याला तिघे आले. तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक. बुटांचे ठसे बघून म्हणाले, हे डुक्कर कुठल्या कंपनीचे बूट घालतं?”

“पण एखादं लागलं असतं, तर निदान...”

“लागलं असतं तर आणखी ताप. मेलेलं डुक्कर सरकारजमा. जिवंत असताना ते माझ्या शेतात राहतं, माझं खातं, मला धावायला लावतं. मेल्याबरोबर ते शासनाची मालमत्ता होतं. हाच नियम आमदारांना लावायला हवा, उलटा करून.”

काकांना धीर यावा म्हणून मी अमेरिकेची हकिगत सांगितली. १५३९ मध्ये दे सोतो नावाचा स्पॅनिश सरदार तेरा डुकरे घेऊन फ्लोरिडात उतरला. आज अमेरिकेतल्या मोकाट डुकरांची संख्या साठ लाखांच्या घरात सांगतात. टेक्सासमध्ये २०११ पासून लोक पैसे मोजून हेलिकॉप्टरमधून डुकरांवर गोळ्या झाडतात. तरी डुकरे वाढतच राहिली, म्हणून २०१७ पासून उष्ण हवेच्या फुग्यातूनही शिकारीला मुभा दिली.

काका शांतपणे ऐकत होते. “हेलिकॉप्टरचं नंतर बघू,” ते म्हणाले. “आधी लाइनमन पाठव. झटका मशीन घेतलंय, पण रात्री लाइटच नसते.”

टेक्सासची आणि राजापूरची तुलना तशी चुकीचीच. अमेरिकेतले डुक्कर बाहेरून आलेले. आमच्या वाडीतले रानडुक्कर तिथलेच, कुळकायद्याच्या कितीतरी आधीचे. आजोबांच्या काळात घराघरात माणसे होती, शेताला राखण होती, माचावर बसून कोणीतरी रात्रभर डबा बडवत असे. डुक्कर रानात आणि माणूस शेतात, अशी वाटणी सगळ्यांना मान्य होती. आता निम्म्या घरांना कुलपे. माणसे नालासोपाऱ्यात, दुबईत, माबेलात. पडीक शेतात झाडोरा माजला, दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने बांध गिळले आणि डुकरांना थेट पडवीपर्यंत आडोसा मिळाला. एकूण हिशेब असा, की आम्ही जी जागा सोडली ती डुकरांनी घेतली, आणि आम्ही जिथे आलो तिथे कावळे आधीच येऊन बसले होते.

काकांनी फोन ठेवताना मुद्द्याचे सांगितले. सौर कुंपण घालायचे, हाच आता उपाय. सरकारी अनुदान वगळून उरलेली रक्कम सगळ्या हिस्सेदारांत वाटून घ्यायची. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी आकडा टाकला. एरवी त्या गटावर पहाटे पाचपासून सुप्रभात चालू असते. आकडा पडल्यावर तिथे सुतक आले. दोघांनी हात जोडले, एकाने फुलाचे चित्र टाकले, नालासोपाऱ्याच्या दादाने “छान उपक्रम” लिहिले. मी वाचले असे दिसू नये म्हणून निळ्या खुणाच बंद करून टाकल्या.

अशात पितृपक्ष लागला.

माबेलात श्राद्ध करणे अवघड नाही. अळूची पाने मिळतात, आमसुले घरून आलेली असतात, भोपळा तर वर्षभर. बायकोने खीर, वडे, अळूवडी, गवारीची भाजी, कढी, सगळे रीतसर केले. गुरुजी रत्नागिरीहून व्हिडिओवर. गायीचा घास कुठे ठेवायचा हा पेच निघाला; शेजारच्या बंगल्यात बकऱ्या होत्या. गुरुजींनी नेटवर्क गेल्यासारखे केले आणि तो प्रश्न मागे पडला. कावळ्याच्या बाबतीत मात्र मी निर्धास्त होतो. पुण्यामुंबईत लोक कावळ्यासाठी घाटावर तिष्ठत उभे राहतात. आमच्याकडे सरकारमान्य उपद्रव होता.

कावळ्यासाठी नैवेद्याची वाडी गच्चीवर ठेवली आणि आम्ही मागे सरलो. टाकीवर कावळे होते. डिशवर होते. घुबडावर एक होता. सगळ्यांनी वाडीकडे पाहिले. कोणी हलेना.

“काव काव,” मी हाक दिली.

घुबडाची मान फिरली, तसा कावळाही फिरला आणि त्याने माझ्याकडे पाठ केली.

पलीकडे बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचराकुंडीवर आदल्या रात्रीच्या लग्नातली मंदी पडली होती. मसाल्याचा भात, कोंबडी, वर काजू. आमच्या कढीला त्यापुढे कोण विचारणार? तेवढ्यात एसीच्या भोकातून साळुंकी उतरली आणि वड्याकडे चालत निघाली. बायको झाडू घेऊन मध्ये उभी राहिली. “साळुंकी चालेल का?” मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, “शास्त्रात नाही. अगदीच कावळा शिवला नाही तर दर्भाचा करता येतो.” माबेलात दर्भ कुठून आणणार?

चेट्टा वर आले. उस्ताद आले. मास्तर आले. प्रत्येकाने आपल्या गावाकडच्या पद्धतीने कावळ्याला हाक मारली. एवढे दिवस ज्याला हाकलत होतो, त्याला सगळी इमारत मिळून आता बोलावत होती आणि तो मान वाकडी करून आमची एकी पाहत होता.

“बाबांची काही इच्छा राहिली असेल,” बायको हळूच म्हणाली. “आठवा जरा.”

मी मोठ्याने बोलत गेलो. बाबा, आईची मी काळजी घेईन. कावळा ढिम्म. बाबा, मुलाला मराठी शिकवीन. ढिम्म. बाबा, सिगारेट सोडीन. बायकोने चमकून पाहिले, कावळ्याने नाही.

शेवटी काकांना व्हिडिओवर घेतले. आपल्या भावाच्या इच्छा त्यांनाच ठाऊक. काकांनी वाडी पाहिली, टाकीवरचे कावळे पाहिले, जमलेले आंतरराष्ट्रीय शिष्टमंडळ पाहिले आणि घसा साफ केला.

“दादाची एकच इच्छा होती,” ते म्हणाले. “खालच्या शेताला कुंपण.”

“काका, ही इच्छा तुमची आहे.”

“जाताना माझा हात धरून बोलला. तू तेव्हा विमानात होतास.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. उस्तादांनी विचारले, “कुंपणाला किती लागतात?” मी आकडा सांगितला. “एवढंच?” उस्ताद म्हणाले. “वडिलांसाठी?” चेट्टांनी मान हलवली. मास्तरांनी रियालचा दर काढून दाखवला. उन्हात टक्कल तापत होते, कढीवर साय धरू लागली होती.

“बाबा,” मी म्हणालो, “माझ्या हिश्श्याचे पैसे आजच पाठवतो.”

घुबडावरचा कावळा उतरला, दोन उड्या मारून वाडीपाशी आला, वडा उचलला आणि टाकीमागे गेला. मागोमाग बाकीचे तुटून पडले. उस्तादांनी टाळ्या वाजवल्या. चेट्टा म्हणाले, १९९३ मध्येही कावळे असेच होते. काकांनी सगळे रेकॉर्ड करून ठेवले होते हे मला संध्याकाळी गटावर कळले. खाली त्यांची टीप होती: “मस्कतची वसुली पूर्ण. नालासोपाऱ्यात कावळे आहेत का, कळवावे.”

पैसे पाठवल्याची पावती मी गटावर टाकली आहे. खांब आले, तार आली. बॅटरी आणि एका बाजूचे कुंपण बाकी आहे, आणि कळप सध्या त्याच बाजूने येतो. हा लेख वाचणाऱ्यांत आमच्या सात-बाऱ्यावरचे कोणी असतील, आणि नावांची संख्या पाहता असणारच, तर त्यांना नम्र विनंती की आपल्या हिश्श्याची रक्कम काकांच्या खात्यावर भरावी, आणि कावळा शिवायची वाट पाहू नये.